पिंपळखुटे काका आणि बडी खोह

साबण लावून आंघोळ केलेल्या माणसाला पिंपळखुटे काका आपल्याबरोबर जंगलात नेत नसत. स्टँडवर कुंडम गावाला जाणाऱ्या बसच्या दाराशी उभे राहून ते येणाऱ्याच्या मनगटाचा सरळ वास घ्यायचे. फॅक्टरीतल्या एका बड्या साहेबाला त्यांनी तिथूनच परत पाठवलं होतं. "साहब, आपका साबुन बहुत अच्छा है. इसीलिए घर जाइए," हे सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून.

हळू बोलणं काकांना जमतच नव्हतं. ते लष्करी सामानाच्या फॅक्टरीत घणांच्या शॉपमध्ये, म्हणजे लोहारखात्यात, फोरमन होते. तिथे तापलेल्या लोखंडावर दिवसभर वाफेचे घण पडायचे. आमच्या क्वार्टरमधल्या कपबशासुद्धा त्या तालावर किणकिणायच्या. चीनची लढाई होऊन गेली होती, पाकिस्तानची यायची होती, आणि घण थांबतच नव्हते. त्या शॉपमधली सगळीच माणसं ओरडून बोलत. काका शेजारून "सूनबाई, मीठ आहे का?" म्हणाले की गल्लीतल्या चार बायका वाट्या घेऊन बाहेर यायच्या.

मी लग्न होऊन अमरावतीहून जबलपूरला आलेली. आमचे हे ड्रॉइंग ऑफिसात. भिंतीपलीकडे काका एकटे. "काका, लग्न काहून नाही केलं?" असं मी एकदा धीर करून विचारलं.

"सुटी नाही मिळाली," काका म्हणाले.

मिळाली की मात्र ते एकाच जागी जायचे. कुंडमच्या पुढे पठारावर, सालवृक्षांच्या जंगलात एक दरी होती. तिथले गोंड लोक तिला बडी खोह म्हणत. काकांजवळ बंदूक नव्हती, कॅमेरा नव्हता. नुसतं चालायचं, बसायचं, पाहायचं आणि परत येऊन घणापाशी उभं राहायचं. लोक विचारत, "क्या मिला, पिंपळखुटेजी?" काका सांगत, "इजाजत मिली." कसली, ते काही सांगत नसत.

त्या मार्चमध्ये दीड दिवसाची सुटी मिळाली आणि काकांनी आम्हा दोघांना निघायला सांगितलं. माझ्या बांगड्या रुमालानं बांधायला लावल्या. शेंगदाणे कागदाच्या पुडीतून काढून फडक्यात बांधायला लावले, कागद वाजतो म्हणून. ह्यांच्या केसांचं तेल राखेनं पुसून काढलं. "आपण पाहुणे आहो तिथं," ते गरजले. "पाहुण्यानं घमघमत जाऊ नये."

संध्याकाळी पठारावरच्या एका गावात पोचलो, शाळेच्या ओसरीत झोपलो आणि उजाडता उजाडता दरीच्या काठावर जाऊन उभे राहिलो.

मी तोवर सातपुड्याचे डोंगर लांबूनच पाहिले होते. इथे पायांखालून जमीनच संपली होती. खाली सालाची झाडं इतकी दाट, की वरून त्यांच्यावर चालत जावं असं वाटे. मधूनच पळस असा पेटलेला, की मी दचकून धूर शोधला. तळाशी धुकं होतं. ते हलायला लागलं आणि त्यातून शिंगं वर आली. आधी दोन, मग दहा, मग मोजता येईनात इतकी. चितळांचा अख्खा कळप पाण्याकडे निघाला होता, आणि इतक्या पायांचा आवाज म्हणून नाही. माझे हात आपोआप जोडले गेले.

काका इथे वेगळेच माणूस झाले होते. एक शब्द नाही, सगळं खुणांनी. फक्त एकदा वाकून माझ्या कानाशी त्यांच्या हिशेबानं कुजबुजले, "चितळाचे कान पाहा, सूनबाई. ते जिकडं वळले, तिकडं काहीतरी असते." आणि खरंच, कान वळले त्या बाजूच्या झुडपांतून दोन कोल्हे निघाले.

उतरताना ह्यांचा पाय मुरगळला. ते एका खडकावर बसून राहिले. काका आणि मी पुढे निघालो. काका माझ्यापुढे पंधरा-वीस पावलं. पायवाटेवर मोहाची फुलं पडली होती, त्यांचा गोड, जड वास सगळीकडे. तेवढ्यात डाव्या हाताच्या करवंदीच्या जाळीमागून आवाज आला. लोहाराचा भाता कोणी जोरजोरात ओढावा तसा. फुस्स, हुप्प, फुस्स.

काका आता हात वर करून थांबवतील म्हणून मी वाट पाहिली. काका चालतच होते, सरळ त्या जाळीच्या दिशेनं.

"काका," मी हळूच म्हटलं. मग जरा मोठ्यानं. मग सगळे नियम बाजूला ठेवून किंचाळलेच, "काका!"

झाडावरचे होले भर्रकन उडाले. काकांनी मान वर करून त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं, आणि पुढचं पाऊल टाकलं.

मी धावले. त्यांचा सदरा धरून त्यांना मागे ओढलं आणि दोघं सालाच्या बुंध्याला चिकटलो. जाळीमागून एक अस्वलीण दोन पायांवर उभी राहिली. माझ्याहून उंच, काळीभोर, छातीवर पांढरी कोर, नाकाला वारुळाची माती. तिनं आमच्याकडे पाहिलं. किती वेळ, सांगता येत नाही. मग ती चार पायांवर आली, दोन पिल्लं धडपडत तिच्या पाठीवर चढली, केसांना लटकली, आणि ती त्यांना घेऊन उतारावरून निघून गेली. आपल्याला कोणीतरी जाऊ दिलंय, हे मला तेव्हा अंगभर कळलं.

काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्ही आवाज दिला होता?"

मी होय म्हणून मान हलवली.

ते खाली बसले. "तीन वर्षं झाली," म्हणाले. "समोरच्या माणसाचे ओठ पाहून भागते. जवळून ओरडलं तर येते ऐकू. लांबचं सगळं गेलं. घणानं नेलं." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कोणाले सांगू नका, बेटा. फॅक्टरीचं सोडा, ते गेटवर बसवतील. पण हे कळलं तर मले इथं कोण येऊ देईल?"

मी सांगणार नाही म्हणाले. पण एकटं यायचं नाही, मला घेऊन यायचं, अशी अट घातली. त्यांनी लहान मुलासारखी मान डोलावली.

मग त्यांनी विचारलं, "आता काय ऐकू येऊन राहिलं?"

मी ऐकलं. खूप काही होतं, पण मला नावं कुठे ठाऊक? मग मी त्यांच्या उजव्या कानाशी ओंजळ धरली आणि जसं येईल तसं ओरडले, "टुक, टुक, टुक!"

"तांबट!" काका म्हणाले.

"कुक, कुक्रूक, कुक!"

"रानकोंबडा. पाण्यापाशी असेल." त्यांनी डोळे मिटले होते. "अजून."

एक कोणतातरी पक्षी शीळ घालत होता, शेवटी वळण घेऊन. मला काही ती शीळ जमेना. तीनदा केली आणि तिन्ही वेळा बिघडली. काका हसले, "हा कोण, ते तो पक्षीही नाही ओळखणार. पुन्हा करा."

एवढ्यात आमचे हे लंगडत लंगडत पोचले. आपली बायको जंगलात म्हाताऱ्याच्या कानात कोंबड्यासारखी ओरडतेय, हे पाहून ते जागीच थांबले. "काय करून राहिली तू?"

मी त्यांना हातानंच गप्प केलं. वरच्या फांदीवर एक नवीनच पक्षी बोलायला लागला होता, आणि मला तो नीट ऐकायचा होता.