केरबाभाऊंची जीभ

केरबाभाऊ वाघमारे टँकरच्या पाण्याचा एक घोट घ्यायचे, गालातल्या गालात फिरवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "उमरीच्या अंगाचं पाणी हाय. विहीर जुनी. पायऱ्या मोडक्या. काठावर लिंब." मग एक डोळा उघडून ड्रायव्हरकडे बघायचे. ड्रायव्हर गार! नांदेडला असताना त्यांनी एका घोटात विहिरीच्या मालकाचं आडनाव सांगितलं होतं, असं आमचा शिपाई शपथेवर सांगायचा. शिपायाला अतिशयोक्तीची सवय. मी स्वतः तिथं हजर होतो. आडनाव नव्हतं सांगितलं, फक्त जावयाचं गाव सांगितलं होतं.

भाऊ आरोग्य निरीक्षक. मूळचे देगलूरचे, त्यामुळे मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषांत रागावता यायचं. मी लोह्याचा, त्यांचा कारकून. माझं अक्षर मोत्यासारखं म्हणून मला सोबत नेत आणि "मुन्शी" म्हणत. पाणी असो, दूध असो, औषध असो, भाऊ पहिल्यांदा जिभेवर घेणार. "कागद खोटं बोलंल, डॉक्टर खोटं बोलंल, तू तर बोलतोसच. जीभ खोटं बोलत न्हाई, मुन्शी!"

लातूर नवा जिल्हा झाला आणि आम्हा दोघांची बदली तिकडे झाली. जिल्हा झाला होता, खुर्च्या यायच्या होत्या. आमच्या दोघांत एक खुर्ची होती. भाऊ बसले की मी उभ्यानं लिहायचो आणि भाऊ विचार करायला उठले की मी बसून घ्यायचो, म्हणून मी त्यांना सारखा विचारात पाडायचो. त्यात दुष्काळ. असा दुष्काळ की आमच्या गल्लीतली माणसं आज उजवा गाल धुवायची, उद्या डावा. मी बायको आणि तीन लेकरं लोह्यालाच ठेवली होती. तिथंही पाणी नव्हतं, पण तिथं नसलेलं पाणी ओळखीचं होतं.

अशात हुकूम आला: एका तालुक्याच्या तुरुंगात कैद्यांना औषधोपचार कसा मिळतो ते तपासून अहवाल द्यावा. गावाचं नाव सांगत नाही. माझी मेहुणी तिथं दिलेली आहे.

आता तपासणीची आमची एक रीत होती. छापील नमुन्यात पंधरा प्रश्न असायचे. मी निघायच्या आदल्या दिवशीच पंधराही ठिकाणी ठळक अक्षरात 'समाधानकारक' लिहून ठेवायचो. एसटीच्या हादऱ्यांत अक्षर बिघडतं, दुसरं काही नाही. हा शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा लिहिलाय, की झोपेत माझं बोट गोधडीवर तोच गिरवतं, असं बायको म्हणते.

तुरुंग म्हणजे चार कोठड्या आणि बावीस माणसं. तुरुंगाचा दवाखाना म्हणजे एक टेबल, एक कुलूपबंद कपाट आणि शिवलिंगआप्पा नावाचा कंपाउंडर. आप्पानं रजिस्टर पुढं केलं. काय रजिस्टर होतं! प्रत्येक कैद्यापुढं तीन वेळा औषध, प्रत्येकापुढं 'प्रकृती ठीक'. बावीस माणसं इतकी ठणठणीत मी तालमीतसुद्धा पाहिली नाहीत. मी आमच्या नमुन्यावर मायेनं हात फिरवला.

भाऊंनी रजिस्टर उघडलंच नाही. टेबलावरची हिवतापाच्या औषधाची बाटली उचलली, झाकणात ओतून तोंडात टाकली आणि घोळवत घोळवत आप्पाकडे बघत राहिले. आप्पाचा कंठमणी वर गेला, खाली आला, परत वर गेला आणि तिथंच मुक्कामाला राहिला.

"आप्पा, हे औषध न्हाई."

"साहेब, सरकारी हाय."

"सरकारी असंल. औषध न्हाई."

"साहेब, जरा जुनं असंल..."

"बरं. मग असं करू," भाऊ बाटली उचलून म्हणाले. "ही पुरी बाटली मी पितो. मला काई झालं, तर तू जहर ठिवलंस. काई न्हाई झालं, तर नुसतं पाणी ठिवलंस. दोन्हीपैकी तुला कोणतं सोयीचं पडतं ते सांग, तसं मुन्शी लिहील."

आणि बाटली तोंडाला लावलीच. आप्पा दोन घोटांतच कोसळला. "ऱ्हाऊ द्या साहेब! पाणीच हाय. वाईच रंग टाकलाय." कमरेची किल्ली काढून त्यानं कपाट उघडलं. आत हिवतापाच्या औषधाच्या बाटल्या ओळीनं उभ्या, बुचं शाबूत, पुसून लख्ख केलेल्या. देवघरात देव मांडावेत तशा.

"माल असून दिला न्हाईस?"

"तुमच्यासाठीच राखून ठिवला व्हता, साहेब," आप्पा रडवेला होऊन म्हणाला. "जुन्या जिल्ह्याला मागितलं तर म्हणते, तुम्ही आता आमचे न्हाई. नव्याला मागितलं तर म्हणते, तुमचं नाव अजून यादीत चढलं न्हाई. असलेलं कैद्यायला पाजून संपलं असतं, तर तपासणीत तुम्हाला काय दाखवलं असतं?"

माणूस लबाड नव्हता. त्याचं सगळं इतकं चोख होतं की मलाच क्षणभर पटलं. भाऊंनी मात्र एवढंच विचारलं, "ताप कोणाला हाय?"

शेवटच्या कोठडीत पोशेट्टी नावाचा म्हातारा घोंगडीखाली कुडकुडत होता. बाहेर ऊन असं की कावळे सावलीसाठी भांडत होते, आणि ह्याचे दात वाजत होते. कच्चा कैदी, खटला अजून उभाच राहिलेला नव्हता. पाण्याच्या पाळीवरून एकाच्या डोक्यात घागर घातली, एवढाच गुन्हा. दिवसाआड ताप भरत होता, तीन आठवडे तो रंगीत पाणी पीत होता, आणि रजिस्टरात त्याची प्रकृती ठीक होती. गालाची हाडं वर आली होती. असाच आणखी आठवडाभर ठीक राहिला असता, तर खटल्याची गरजच उरली नसती.

आप्पानं खरी बाटली आणली. म्हातारा भिंतीला चिकटला. "वद्दु, वद्दु! नगं! मला मारून केस मिटवून राहिले तुम्ही!"

भाऊ पँटची फिकीर न करता त्याच्यापुढं मांडी घालून बसले आणि देगलूरच्या तेलुगूत काहीबाही बोलले. मला फक्त 'तात्या' तेवढं कळलं. मग कपात औषध ओतलं, पहिला घोट स्वतः घेतला आणि ओठ पुसले. "बघ. शरबत हाय."

पोशेट्टीनं त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. तोंडावर एक रेघ हलली नव्हती. मग त्यानं कप घेतला आणि घटाघटा प्याला. पुढच्या क्षणी त्याचं तोंड पिळलेल्या धोतरासारखं झालं. "चेदु!" तो ओरडला. "कडूजहर हाय की रे भाड्या! शरबत म्हणतो!"

एका सरकारी निरीक्षकाला तुरुंगात भाड्या म्हटलं गेलं आणि निरीक्षक आनंदानं मांडीवर थाप मारून म्हणाला, "आता हे औषध! मुन्शी, हे तोंड बघ अन् लिही."

तेवढ्यात जेलरसाहेब घाईघाईनं आले. "वाघमारेसाहेब, नवा जिल्हा, पहिलीच तपासणी. जरा सांभाळून लिहा."

"पहिलीच हाय म्हणून तर लिहायलोय. आज 'ठीक' लिहिलं की जल्मभर ठीकच लिहावं लागंल."

मी एकामागून एक पंधरा 'समाधानकारक' खोडले. स्वतःच्या लेकरांचे कान उपटावेत तसं वाटलं. म्हाताऱ्याला त्याच दिवशी लातूरच्या मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं. सोबत द्यायला पोलीस नाही, असं जेलरसाहेब म्हणाले, तर भाऊ पोलीस येईपर्यंत कोठडीच्या दारात बसून राहिले. म्हातारा वाचला. पुढं जामिनावर सुटला तेव्हा आमच्या ऑफिसात येऊन भाऊंना परत एकदा भाड्या म्हणाला आणि त्यांच्या पायाशी दोन सीताफळं ठेवून गेला.

पण त्या दिवशी माझ्या डोक्यात किडा शिरला होता. निघताना मी कपाच्या तळाचं बोटावर घेऊन चाटलं होतं. एसटी अर्ध्या रस्त्यात आली तरी मी थुंकत होतो. आणि भाऊंच्या तोंडावर रेघ हलली नव्हती!

"भाऊ, खरं सांगा. ते तुम्हाला कडू लागलंच न्हाई ना?"

भाऊ खिडकीतून उजाड रानं बघत होते. "मला काईच लागत न्हाई, मुन्शी. कडू न्हाई, गोड न्हाई."

"अन् विहिरी? अन् आप्पाचं रंगीत पाणी?"

"मी पाणी कुठं चाखतो? घोट तोंडात धरायचा, डोळे मिटल्यावानी करायचे अन् समोरच्याचं तोंड चाखायचं. विहीर, पायऱ्या, लिंब एकेक बोलत जायचं. खरं लागलं की माणसाची पापणी हलती." मग बायकोचं नाव काढलं. "पारूला अन् मला संगच ताप भरला व्हता. ती गेली. मी उठलो, तवापासून चव न्हाई."

उतरताना म्हणाले, "आज जेवायला माह्याकडंच ये. एकट्याच्या तोंडासमोर कोणीच नसतं."

दोन ताटं, ज्वारीची भाकरी, वरण. टँकर आला नव्हता. दोघांत मिळून पाण्याचा एक तांब्या, त्यातही बोटभर कमीच. मी वरणाचा पहिला घास घेतला. मीठ असं पडलं होतं की समुद्रानं माघार घ्यावी. पण त्या दिवशी मी एका उस्तादाकडून धडा घेतला होता. तोंडावर एक रेघ हलू दिली नाही.

"कसं झालंय?" भाऊंनी विचारलं. पारूबाई गेल्यापासून त्यांना हे विचारायला कोणी नव्हतं.

"बेस झालंय, भाऊ. वाढा अजून."

त्यांनी वाढलं. माझ्या पापणीकडे एकदा पाहिलं. मग तांब्या उचलला आणि सगळाच्या सगळा माझ्या ताटाशी सरकवून ठेवला.