चांद तात्याच बघणार

आमच्या गल्लीत कुठलाही सण परस्पर येत नाही. तो आधी तात्यांच्या ओट्यावरच्या पाटीवर लागतो. मग तात्या खाकरतात, दोन्ही हात पाठीमागे बांधतात आणि नाकातून निघणाऱ्या पण लांबवर पोचणाऱ्या आवाजात सांगतात, "प्रवाशांनी नोंद घ्यावी. होळी पाच मिनिटांत सुटत आहे." त्यानंतरच कोपऱ्यावर होळी पेटते. तोवर काडी ओढायची कुणाची हिंमत नाही.

तात्यांची सगळी नोकरी बसस्थानकावर माईकपुढे गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रद्द झाली, हे सगळ्या मराठवाड्याला सांगायचं त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर माईक सुटला, आवाज मात्र राहिला. त्या आवाजाचं काय करायचं, म्हणून त्यांनी सण धरले असावेत. शहर औरंगाबाद असल्यामुळे त्यांना कामाची कमतरता नाही. आमच्या एका गल्लीत समोर हमीदभाई शिंपी आणि त्यांच्या अम्मा राहतात, कोपऱ्यावर जैनांचं किराणा दुकान आहे, पलीकडे दवाखान्यात काम करणाऱ्या सिस्टर आहेत आणि मागच्या बोळात बुद्धविहार आहे. वर्षातून एखादा महिना पाटी कोरी राहिली तर राहते, आणि त्या महिन्यात तात्या चिडचिडे होतात.

प्रत्येक सणाची त्यांनी गाडी ठरवलेली आहे. नाताळ ही छावणीतल्या चर्चपासून सुटणारी लांब पल्ल्याची गाडी, कधी उशीर नाही. पर्युषण म्हणजे मुक्कामी गाडी, "वाटेत खाद्यपदार्थ मिळणार नाहीत." गुरुद्वाऱ्यातला लंगर ही बिनवाहकाची गाडी, कुणी कुठून आलात विचारत नाही. बुद्धपौर्णिमेला ते घोषणाच करत नाहीत, पाटीवर फक्त लिहितात, "शांतता राखावी". गणपतीला ते आतून नावं ठेवतात, कारण ती गाडी यायची वेळ पाळते आणि जायची कधीच पाळत नाही.

मी, भागवत, त्यांच्या माडीवर भाड्यानं राहतो. आमचं गाव फुलंब्रीच्या पुढं. घरात मेंढरं होती, आता थोडी शेती आहे. कॉलेजात गेलेला मी आमच्या घरातला पहिलाच. पहिल्या दिवशी मी ट्रंक घेऊन उभा राहिलो तेव्हा तात्यांनी माझं नाव, गाव, विषय काहीच विचारलं नाही.

"तुमच्याकडं सण कोणते चालतात?" एवढंच विचारलं.

मी घाबरत म्हणालो, "पोळा."

त्यांनी मान हलवली. "पोळ्याला शहरात थांबा नाय."

मला ते लागलं होतं, पण बोलायची सवय नव्हती. पोळ्याच्या दिवशी मी कॉलेजला गेलो नाही, नुसता पडून राहिलो. दुपारी खाली उतरलो तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर मातीचा एक बैल, शिंगांना हिंगूळ, समोर चिमूटभर गूळ. पाटीवर लिहिलं होतं, "पोळा. विनंती थांबा, माडीवरच्या प्रवाशासाठी." तात्या ओट्यावर पेपर वाचत होते. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

पण तात्यांची खरी परीक्षा असते ती ईदला. बाकी सगळे सण छापील वेळापत्रकावर चालतात. ईद चंद्रावर चालते. तात्यांच्या मते ती जादा गाडी आहे, लागेल तेव्हा लागेल. या गाडीची घोषणा मात्र ते आपल्या मर्जीनं करत नाहीत. ती त्यांच्याकडून हमीदभाईंच्या अम्मा करवून घेतात.

अम्मांचं वय ऐंशीच्या पुढं. त्या तात्यांना तू म्हणतात, आणि तात्यांना तू म्हणणारं माणूस गल्लीत दुसरं उरलेलं नाही. एकोणतिसाव्या रोज्याला दिवस मावळला की त्या दारातल्या बाजेवर येऊन बसतात. तात्या आपल्या गच्चीवर उभे असतात. अम्मा खालून विचारतात, "तात्या, दिखा क्या?" तात्या वरून "दिखा" म्हणाले की अम्मा हात उचलून दुवा मागतात. मशिदीतून आधी पुकारा झालेला असो, हमीदभाई मोबाईलवर आलेला निरोप दाखवोत, त्या हलत नाहीत. अम्मांना मोतीबिंदू होता तेव्हापासूनची ही रीत. गेल्या दिवाळीनंतर हमीदभाईंनी त्यांचं ऑपरेशन करवून घेतलं. आता त्यांना सुईत दोरा ओवता येतो, तरी त्यांनी गल्लीला बजावलं, "आंखां मेरे अच्छे हो गए, पर चांद तात्याच देखेगा." गल्ली हसली.

तात्या हसले नाहीत. त्याचं कारण मला ठाऊक होतं.

माझ्या पहिल्या वर्षी त्यांनी मला गच्चीवर बोलावून घेतलं होतं. म्हणाले, कॉलेजात काय शिकवतात बघू, चंद्र कुठं आहे सांग. मी हौसेनं बोट दाखवलं, पश्चिमेला, पडेगावच्या अंगाला, लिंबाच्या शेंड्याच्या जरा वर. तात्यांनी लगेच घोषणा केली. मला वाटलं, मी परीक्षेत पास झालो. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच विचारलं. मी बोट दाखवलं आणि सहज त्यांच्याकडं बघितलं, तर त्यांचं तोंड शेजारच्या सिमेंटच्या टाकीकडं. टाकीकडं बघतच ते म्हणाले, "अम्मा, दिखा. क्या साफ दिखरा."

त्यानंतर मला एकेक दिसायला लागलं. पाटीवरची अक्षरं मोठी झाली होती. पेपर ते तासभर धरायचे, पान उलटायचे नाहीत. एकदा धीर करून मी डोळ्यांच्या दवाखान्याचा विषय काढला. ते म्हणाले, "गाडी एकदा डेपोत गेली की तिच्या रूटवर दुसरी लावतात." पुढं बोलायची सोय नव्हती.

त्यांच्या घरात दुसरं कुणी नाही. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. अम्मांनी ज्या दिवशी "तात्या, दिखा क्या" विचारायचं सोडलं, त्या दिवशी तात्यांकडं काय राहणार, हा हिशेब त्यांनी केला असावा. मीही तो केला आणि गप्प राहिलो.

यंदा अडचण अशी झाली की एकोणतिसाव्या रोज्याच्या दिवशीच गावी माझ्या बहिणीचा साखरपुडा निघाला. तात्यांना सांगितलं तर ते पाटी पुसत राहिले. मग म्हणाले, संध्याकाळच्या गाड्यांना गर्दी लई असते, दुपारचीच धरून ये. मी हो म्हणालो. त्यांनी तिकडून निघणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा मला तोंडपाठ सांगितल्या. दोनदा.

साखरपुड्यात मात्र माणसाला लवकर उठता येत नाही. मामांना वाढायचं होतं, पाहुण्यांना नारळ द्यायचे होते, आणि कॉलेजात शिकणारा म्हणून मलाच सगळे पुढं करत होते. मला मिळाली ती संध्याकाळचीच गाडी, आणि ती तात्या म्हणाले तशीच खचाखच होती. गल्लीत शिरलो तेव्हा दिवस बुडाला होता. लिंबावर चंद्राची कोर मला चालता चालताच दिसली. बारीक होती, पण होती.

अम्मा बाजेवर होत्या. हमीदभाई दारात उभे होते. वर गच्चीवर तात्या कठड्याला धरून होते.

"तात्या, दिखा क्या?" अम्मांनी विचारलं. हमीदभाई हळूच मला म्हणाले, तिसऱ्यांदा विचारतेय.

मी दोन दोन पायऱ्या चढून वर गेलो. तात्यांनी पावलं ओळखली. मी त्यांच्या कानाशी गेलो, म्हणालो, "तात्या, लिंबाच्या डाव्या..."

"नको," ते म्हणाले. "सांगू नको."

"अहो, पण दिसतोय."

"तुला दिसतोय. ती महिनाभर पाण्याचा थेंब न घेता दिवस काढते, भागवत. दोन वर्षं तुझ्या डोळ्यांनी तिला ईद सांगितली. आता नाय जमत."

मग ते कठड्यावरून खाली वाकले. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता, साधा होता.

"अम्मा, मेरेकू नहीं दिखता. चांद है, भागवत बोलता. पर मेरेकू नहीं दिखता. दो साल हो गए."

मला वाटलं अम्मा उठून आत जातील.

"मालूम है रे," अम्मा म्हणाल्या. "पिछले साल तू टाकी में चांद ढूंढरा था. हमीद की दुल्हन बोली मेरेकू."

हमीदभाईंनी तोंड फिरवलं, हसू लपवायला असावं.

तात्यांनी कठडा घट्ट धरला. "फिर पूछे कायकू? आंखां तो तुम्हारे अच्छे हो गए."

"नहीं पूछी तो तू ऊपर अकेला खडा रहके क्या करता?" अम्मा म्हणाल्या. "नीचे आ."

तात्या वळले आणि जिन्याच्या तोंडाशी थांबले. मी पुढं झालो तसा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तीन वर्षांत पहिल्यांदा. पायऱ्या आम्ही एकेक करून उतरलो.

अम्मा बाजेवर सरकल्या. तात्या बसले. अम्मांनी दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरलं आणि पाटावरच्या मूर्तीला फिरवावं तसं हळूहळू लिंबाकडं फिरवलं. ईद झाली की दवाखान्यात जायचं, त्या म्हणाल्या, मी येते संग, मेरेकू सब मालूम है, डरने का काम नहीं. तात्या डोळे बारीक करून वर बघत राहिले. मशिदीतून पुकारा झाला, हमीदभाई आत गेले, आतून भांड्यांचा आवाज यायला लागला.

मी विचारलं, "दिसला का?"

"नाय," तात्या म्हणाले. "पण बसतो जरा."