परबकाका आणि एकोणतिसावा दिवस

परबकाकांकडे इंटर्नशिपला गेलं की पहिल्याच दिवशी ओल्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर खिळ्याने लिहावं लागतं. स्वतःचं नाव, तारीख आणि महिनाभरात कुठलं काम उरकणार ते.

मुलुंडमधल्या एका गाळ्यात काँक्रीट तपासायची छोटी लॅब आहे, आणि परबकाका तिचे सर्वेसर्वा. साइटवरच्या काँक्रीटचे ठोकळे पाडायचे, पाण्याच्या टाकीत ठेवायचे आणि बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनखाली चिरडून त्यांची ताकद बघायची. या ठोकळ्यांना क्यूब म्हणतात. सत्ताविसाव्या दिवशी चालत नाही, एकोणतिसाव्या दिवशी तर नाहीच नाही. दिवाळीच्या पाडव्यालाही काका एकटे येऊन मशीन चालवतात. "क्यूब कोणासाठी थांबत नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. शेजारच्या गाळेवाल्याने नातू झाल्याचे पेढे दिले तेव्हा काकांनी विचारलं, "किती दिवसांचो?" बारा, म्हणाला. "मग अजून ओलोच आसा. जपा."

मी चेंबूरची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. चालढकलीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. इंटर्नशिपचा अहवाल दिला नाही तर विषय राहणार होता, म्हणून माझ्या क्यूबवर मी 'अहवाल पूर्ण' असं खरडलं आणि निवांत झाले. सातव्या दिवशी काकांनी अहवाल मागितला. माझ्याकडे फक्त पहिलं पान होतं. त्याचा फॉन्ट मी अकरा वेळा बदलला होता.

काकांनी ते पान बराच वेळ न्याहाळलं. "दार झकास केलंस. आत कोण रवता?"

त्या दिवसापासून मशीनशेजारी माझी खुर्ची आली. रोज एक पान झाल्याशिवाय घरी जायचं नाही. ओरडणं नाही, भाषण नाही. पान होईपर्यंत काका समोर बसून साचे पुसत राहायचे, पुसून झालेले पुन्हा पुसायचे. मला त्यांच्यासमोर लाजही वाटायची आणि त्यांचा धाकही. माणूस इतका वक्तशीर असू शकतो यावर माझा विश्वासच बसत नव्हता.

अठ्ठाविसाव्या दिवशी माझा अहवाल खरोखर पूर्ण झाला. दिमाखात क्यूब काढायला टाकीत हात घातला, तर कोपऱ्यात आणखी एक लागला, शेवाळाने बुळबुळीत झालेला. अंगठ्याने पुसला. अक्षर काकांचं होतं, 'शुभाची माफी'. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

"तो ठेव," काका म्हणाले.

मग स्वतःच सांगायला लागले. शुभा म्हणजे त्यांची धाकटी बहीण, कणकवलीला असते. तिच्या मुलीचं लग्न होतं, नेमका त्याच दिवशी एका पुलाच्या क्यूबचा अठ्ठाविसावा दिवस आला. नवरीला मांडवात मामाने आणायचं असतं. मामा इथे मशीनसमोर उभा होता. तेव्हापासून बहीणभाऊ बोललेले नाहीत.

"मी रोज म्हणतंय, आज फोन करतंय. दिवस जाता."

मी थक्क झाले. एवढा मोठा माणूस, आणि चक्क माझ्यासारखाच चालढकल करणारा निघाला! कुठून धीर आला माहीत नाही, पण मी म्हटलं, "काका, क्यूब कोणासाठी थांबत नाही ना?"

काकांनी तो क्यूब पुसला, नियमाप्रमाणे वजन केलं, मशीनखाली ठेवला. काटा चढत गेला. पाण्यात पडून राहिलेलं काँक्रीट आणखी घट्ट होत जातं, त्यामुळे तो काही केल्या फुटेना. शेवटी फुटला तेव्हा दोघेही दचकलो. काकांनी रजिस्टरमध्ये आकडा लिहिला. पुढचा रकाना होता, 'वय, दिवसांत'. तिथे पेन अडलं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि खिशातून फोन काढला.

"बाय, जरा भायर थांब."

माझा क्यूब मांडीवर घेऊन मी बाहेर पायरीवर बसले. अर्ध्या शटरमधून आवाज येत होता.

"शुभा? मी... दादा." पलीकडून ती घाबरून काही विचारत असावी. "नाय गो, कोणाक काय झालेला नाय. माकाच बोलूचा होता."

लॅब बंद करायची वेळ टळून गेली तरी फोन चालूच होता. मी क्यूब हळूच टाकीत परत ठेवला आणि घरी गेले.

त्या लॅबच्या रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे क्यूबचं वय लिहिलंय, एकोणतीस दिवस. अक्षर परबकाकांचं आहे.