सिद्रामअण्णांचा मेनिफोल्ड

आमचे शेजारी सिद्रामअण्णा कुठलीही पोकळ वस्तू हातात आली की आधी तिच्यात फुंकून बघतात. चहाच्या किटलीची चोच, पाण्याचा पाइप, नातवाची पिचकारी, काहीही. आमच्या कुंभारी गावात नवीन आलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं; आम्हाला सवय झाली आहे. धाकट्या मुलीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी शिक्षण, पगार काही न विचारता फक्त दीर्घ श्वास घ्यायला लावला होता. लग्न झालं, दोन मुलं झाली, तरी सासरे समोर आले की जावईबापू अजून छाती भरून घेतात.

अण्णांचं सगळं तत्त्वज्ञान एका ओळीचं आहे. "हवा नीट गेली पायजे की, बाकी समदं आपोआप हुतंय."

त्यांचा एक जुना ट्रक आहे. एका व्यापाऱ्याच्या चादरी-टॉवेल भरून तो हुबळीला जातो. यंदाच्या उन्हाळ्यात त्याच्या इंजिनाचा इनटेक मेनिफोल्ड तडकला. मेनिफोल्ड म्हणजे बाहेरची हवा घेऊन इंजिनाच्या सहा सिलिंडरांना वाटून देणारा लोखंडी नळ. मूळ कंपनीनं तो बनवणं कधीच बंद केलेलं, त्यामुळे बाहेरच्या कुणी बनवलेला शोधणं आलं. मी शाळामास्तर. मला सुट्टी होती आणि इंग्रजी वाचता येत होतं. एवढ्या पात्रतेवर अण्णांनी मला सल्लागार नेमलं, ते माझ्याच स्कूटरवर मागं बसले आणि आमची मोहीम सोलापुरात निघाली.

पहिल्या दुकानात त्यांनी एक मेनिफोल्ड उचलला, आत बोट फिरवलं, डोळे मिटून फुंकर घातली आणि जाहीर केलं, "ह्येला दमा हाय." दुसऱ्या दुकानातल्या मालाचं नाक वाकडं निघालं. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी मालावरचं सोनेरी लेबल नखानं सोललं आणि आता काय उरलं ते बघा, असं दुकानदारालाच सांगितलं. आठवडाभरात आमची स्कूटर दिसली की दुकानदार सकाळी अकरालाच जेवायला जाऊ लागले.

मग मोबाइलवरून मागवला. ॲल्युमिनियमचा, आरशासारखा चकचकीत. अण्णांनी तो सपाट फरशीवर ठेवला आणि खालून लग्नपत्रिका सरकवली. पत्रिका आरपार गेली, म्हणजे तोंड सपाट नव्हतं. परत पाठवताना कारण द्यावं लागतं. अण्णांना "खोटारडा" असं लिहायचं होतं, पण यादीत ते नव्हतं. मी "आवडला नाही" निवडलं, म्हणून ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

तेवढ्यात चादरीवाल्या व्यापाऱ्याचा निरोप आला. सोमवारपर्यंत गाडी लागली नाही तर तो कायमचा दुसरा ट्रक धरणार होता. त्या दिवशी पहिल्यांदाच अण्णा जेवले नाहीत, असं वहिनींनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अक्कलकोट रोडवरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. तिथं काशिमचाचा जुन्या गाड्यांचे भाग ओतून, भोकं पाडून द्यायचे. तरुणपणापासून अण्णांचा ट्रक त्यांच्याच हातचा. पण चाचांची नजर अधू झाली आणि गिऱ्हाइकं आटली. त्यांनी चाचपडत त्याच ट्रकचा, आधी कधीतरी ओतून ठेवलेला एक मेनिफोल्ड आणून ठेवला. एक भोक सरकलेलं होतं, आतून खडबडीत होता. मला दिसलं ते अण्णांना दिसलं नसणं शक्यच नव्हतं. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी मान खाली घातली.

"बांधून द्या," अण्णा म्हणाले.

"अच्छी तरा देख लो अण्णा. मेरी नजर अब वैसी नै रही."

"बगितलं की."

पुढचे दोन दिवस अण्णा अंगणात गोल कानस घेऊन बसले होते. भोक ओढून जागेवर आणलं, फरशीवर पॉलिश पेपर चिकटवून तोंडं सपाट केली. तीन बोटांना चिंध्या बांधलेल्या. दमा नसलेले इतके मेनिफोल्ड परत करून हाच का घेतला, असं मी विचारलं. त्यांनी कानस थांबवली नाही.

"दोन वर्सांत त्येच्याकडनं कुणी कायबी न्हेलं न्हाय, गुरुजी."

सोमवारी ट्रक हुबळीला गेला आणि व्यापारी टिकला. परत आल्यावर अण्णा मला घेऊन पुन्हा त्या शेडमध्ये गेले. काशिमचाचा स्टुलावर एकटेच बसले होते.

"बराबर बैठा?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी चिंध्या बांधलेला हात खिशात घातला. "एका झटक्यात बसला. कानस लावायचं काम पडलं न्हाय."

 चाचांनी दोनदा मान हलवली आणि अंगरख्याच्या टोकानं चष्मा पुसला.

"एक्झॉस्टचाबी लागणार हाय," अण्णा म्हणाले. "सवडीनं करा, घाई न्हाय."

ट्रकचा एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर टाकणारा मेनिफोल्ड, ठणठणीत होता.  चाचा उठले आणि भिंतीवर टांगलेले जुने लाकडी साचे एकेक करून हातानं चाचपू लागले.