कोहळ्याचा काल्पनिक तंटा

२००८ च्या पावसाळ्यात आमचे गाव तंटामुक्त होण्याच्या बेतात होते आणि मी कथालेखिका होण्याच्या. दोन्ही गोष्टी एकाच हंगामात यायला नको होत्या.

गोष्टी मी लहानपणापासून सांगते. धानाच्या रोवणीला बाया चिखलात वाकल्या की मला शेताच्या धुऱ्यावर बसवत. "सुखवंता, सांग वो!" गोष्टीत भांडण पेटले की हात असे चालत की अख्खी बांधी उन्हं कलायच्या आत रोवून होई. भांडण मिटले की सगळ्यांची कंबर एकदम दुखू लागे. कथेचे तंत्र मी एवढेच शिकले. म्हातारपणी ते कागदावर उतरवले आणि नागपूरच्या एका दिवाळी अंकाने कथा छापायचे कबूल केले. आयुष्यातली पहिलीच.

कथेत दोन जावा होत्या. कोहळ्याच्या वेलाचे मूळ थोरलीच्या अंगणात आणि कोहळे धाकटीच्या छपरावर, कवेलूंवर. पुढचे तुम्हाला कळलेच असेल.

तंटामुक्त समितीचे अध्यक्ष केशोराव यांनाही कळले.

"काकी, सडक अर्जुनीहून तपासणीवाले येऊन राहिले, अन् तुमी झगडा लावून राहिल्या?"

"बापू, तो तं कागदावरचा झगडा होय."

"तेच तं वाईट! कागदावर नाई असे गावात लय आहेत. त्याइचा आमाले काई तरास नाई."

समितीने दोन्ही जावांना सुनावणीस बोलावले. त्या आल्या नाहीत. दुसऱ्यांदाही आल्या नाहीत. सबब त्यांची पालक म्हणून मला उभे करण्यात आले. सामोपचाराने ठरले की कोहळे अर्धे अर्धे करावे. मी मान डोलावणार, तोच सदस्य चुन्नीलाल म्हणाले, "अर्धं काऊन? मूळ जिचं, फळ तिचं!"

"अन् कवेलू फुटले ते कोन बदलवून देईन? तुहा बाप?" सदस्य टिकाराम उठले.

मग चपला उठल्या, खुर्ची उठली आणि चुन्नीलालचा दात पडला. मी हरखून पाहत होते. कथेत इतका जीव गुंतवणारे वाचक मला पुन्हा लाभले नाहीत.

परंतु तंटामुक्त गावात, खुद्द समितीतच मारामारी होणे नियमात बसेना. तेव्हा ठराव झाला: सदर मारामारी काल्पनिक असून तिच्या लेखिका सुखवंताबाई समजाव्यात. जावांचा समझोता मात्र प्रत्यक्ष घडलेला समजून मिटलेल्या तंट्यांत धरावा. चुन्नीलालने तोंडावर रुमाल दाबून अनुमोदन दिले.

"अन् मही कथा?" मी विचारले.

"झगड्याच्या जागी समझोता टाकून धाडा ना जी. गावाच्या इज्जतीचा सवाल आहे."

गाव माझेही होते. मी कथेतून भांडण काढून टाकले, समझोता घातला. नागपूरहून कथा परत आली. संपादकांनी नम्रपणे विचारले होते, "बाई, यात घडते काय?"

गावाला पुरस्कार मिळाला. हायवेवर फलक लागला: 'तंटामुक्त गावात आपले स्वागत आहे.' माझ्या कल्पनेतले लोकांसमोर आले ते एवढेच, आणि तेही माझ्या नावाविना.

आजही मी गोष्ट सांगितली की ऐकणारा हटकून विचारतो, "आजी, हे खरंच घडलं होतं का?" नागपूर-रायपूर रस्त्याने तुम्हीही गेला असाल. तो फलक वाचून "वा, काय गुण्यागोविंदाने राहतात लोक," असे म्हणालाही असाल. तेव्हा मात्र गाडी थांबवून तुम्ही कोणाला काही विचारले नाही.