ढोमणे काकांची लाइन क्लियर

ढोमणे काका अंघोळीला जायच्या आधी अंगणात उभे राहून "लाइन क्लियर?" असं ओरडतात आणि काकूंनी स्वयंपाकघरातून "दिली!" म्हटल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. काकांचा उभा जन्म छोट्या छोट्या स्टेशनांवर स्टेशन मास्तर म्हणून गेला. पुढच्या स्टेशननं परवानगी दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा तिथला नियम; ती परवानगी म्हणजे लाइन क्लियर. निवृत्त होऊन पुरानी बस्तीत आमच्या शेजारी आले, तेव्हा सामानासोबत नियमही आला.

या माणसानं एकदा मला गाठलं. मी ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरशी डोकं फोडतो, हे त्यांना ठाऊक.

"मले क्लाउड शिकव."

"काहून, काका?"

"तुले काय करायचं? शिकव म्हटलं की शिकव."

पहिला रविवार पासवर्ड ठरवण्यात गेला. मग शंका सुरू. "याले ढग म्हणून राहिले, अन् मशीन तं जमिनीवर! मंग ढग कोठी हाय?" मी सांगितलं, दूर कुठेतरी मोठाले कॉम्प्युटर ठेवलेले असतात, त्यांतला एक कोपरा आपण वापरायला घ्यायचा. "म्हणजे रेल्वे क्वार्टर," काका म्हणाले आणि खूश झाले. पण पडद्यावर सेवांची लांबलचक यादी उघडली, तसा चेहरा पार उतरला. दिवाळीच्या गर्दीत गोल बाजारात चुकलेल्या माणसासारखे ते बघत बसले.

खरी गाडी पुढेच अडली. मशीन कोणत्या शहरात हवं, ते निवडावं लागतं. जवळचं घ्यावं, म्हणून मी मुंबई निवडली. काकांनी सिडनी केलं. मी पुन्हा मुंबई, त्यांनी पुन्हा सिडनी.

"इतक्या लांब काहून?"

"राहू दे ना बे."

सगळं भरून झालं, फक्त चालू करायचं बटण उरलं, तर यांनी हात मागे घेतला. "लाइन क्लियर नाही."

"मी दिली!"

"तू कोण देणारा? समोरच्या स्टेशननं द्या लागते."

पुढचे रविवार त्याच बटणापाशी गेले. यांना शिकायचंय की माझी फिरकी घ्यायचीय, मला काही कळेना. मी वैतागून उठलो, तेव्हा चहा घेऊन आलेल्या काकू हळूच म्हणाल्या, "आमची मिनू सिडनीले असते ना. हेच काम करते. माह्याशी तासभर बोलते, अन् यायच्याशी जेवले का, औषध घेतलं का, संपलं. यायले वाटते, तिच्या कामातलं थोडं समजलं तं पोट्टी बोलन."

माझा वैताग कुठल्या कुठे गेला. मी त्यांचा फोन उचलून पुढे केला. "मंग विचारा समोरच्या स्टेशनले."

"कामात असन ती."

"रविवार आहे, काका."

मिनूनं लगेच उचलला. "बाबा? आई ठीक है ना?" वडिलांचा फोन आला की आधी घाबरायचं, इतकं त्यांचं बोलणं कमी.

"हव, ठीक आहे." काका खाकरले. "मी... तुह्या सिडनीत एक मशीन चालू करून राहिलो. लाइन क्लियर आहे का?"

पोरगी स्टेशनच्या क्वार्टरात वाढलेली. म्हणाली, "दिली, बाबा. सोडा गाडी."

काकांनी बटण दाबलं. मशीन चालू झालं. मिनूनं प्रश्नांची फैर झाडली. "थांब, थांब, हे समजावून सांग," म्हणत ते अंगणात फेऱ्या मारू लागले. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मी चहा संपवून निघालो.

तेवढ्यात काकूंनी आतून हाक दिली, "अंघोळीले लाइन क्लियर!"

काकांनी फोनवर हात ठेवला. "आत्ता नाही. लाइनवर गाडी आहे."