रेंज बघून चरणाऱ्या शेळ्या

किशनआबांच्या शेळ्या गवत बघून चरत नाहीत, रेंज बघून चरतात. राणीसावरगावच्या अलीकडे आमचं गाव. पंचायतीच्या खिडकीत रेंजची एखादी काडी येते. भरवशाची रेंज फक्त टेकडीवर. तिथं खडक आणि बोरीची काटेरी झुडपं. खाली ओढ्याकाठी हिरवंगार, पण आबा तिकडं उतरत नाहीत. शेळ्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या आहेत. विचारलं तर म्हणतात, "हुकूम आला आन आमी खाली असलो, तर कसं व्हायचं?"

हुकूम म्हणजे ओटीपी.

साऱ्या गावाचे हुकूम आबांकडे येतात, याचं श्रेय माझं. मी इथला ग्रामसेवक. पंचायत डिजिटल झाली तेव्हा फलकाला निधी आला, संगणकाला आला; टेबलाला आणि इंटरनेटच्या बिलाला आला नाही. संगणक शाळेच्या मोडक्या बाकावर बसला आणि माझ्या मोबाईलच्या जिवावर चालू लागला. कुटुंबाची नोंद करायची तर वेबसाइट मोबाईल नंबर मागे, आणि तेव्हा बहुतेकांकडे मोबाईलच नव्हता. आबा मात्र पायरीवर बसून नवा फोन येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. मुलानं, बालाजीनं, ऊसतोडीच्या उचलीतून घेऊन दिलेला. मी सगळ्यांच्या नावापुढे तोच नंबर टाकत गेलो. संध्याकाळपर्यंत गाव शंभर टक्के जोडलं गेलं. तालुक्याला माझा सत्कार झाला. ती शाल अजून आहे. थंडीत तिचा उपयोग होत नाही.

तेव्हापासून दाखला असो की पीकविमा, ओटीपी टेकडीवर. उसाच्या फडातून पोरं फोन करतात. आबा आधी बापाचं नाव विचारतात, मग "जेवलास का?", मग भाकरीबरोबर काय होतं. तोवर ओटीपीची मुदत संपते. मीही यातून सुटलो नाही. एकदा तपासणीला आलेले साहेब समोर बसलेले.

"आबा, ओटीपी सांगा लवकर."

"सांगतो की. जेवलाव का भाऊसाहेब?"

"जेवलो."

"खोटं. आवाज उपाशी येयलाय."

साहेबांनी तपासणीच्या शेऱ्यात बाकी काहीच चांगलं लिहिलं नाही. जाताना मला डबा खाऊन घ्या म्हणाले.

एकट्या बालाजीचा फोन मात्र येत नाही. शेळ्या विका आणि माझ्यासंगं तिकडं चला, असं त्याचं म्हणणं होतं. आबा नाही म्हणाले, बोलाचाली झाली, आणि तो बायकोपोरांसह कोल्हापूरकडं गेला तो गेलाच. आबांनीही त्याचं नाव घेणं सोडलं.

मग वरून आदेश आला: प्रत्येक कुटुंबाचा स्वतंत्र नंबर नोंदवा. त्याच्या शिबिरासाठी मंडपाला निधी होता. आबा सुटले, या आनंदात मी स्वतः टेकडी चढलो.

"म्हंजे आता माझ्याकडं काईच येनार न्हाई?"

"काहीच नाही. शेळ्या खुशाल ओढ्याला न्या."

आबांनी शेळ्या आणखी वर वळवल्या. मी मनात म्हटलं, मान जातोय, दुसरं काय. माणसाला खुर्ची सोडवत नाही, मग ती खडकाची का असेना. सत्काराची शाल जपणाऱ्याला असली निदानं पटकन सुचतात.

शिबिराच्या दिवशी आबा रांगेत सगळ्यांत शेवटी होते. शेळ्या मंडपाच्या सावलीला.

"समद्यांच्या नावावरनं नंबर काढा भाऊसाहेब. बालाजीच्या नावावर माझा राहू द्या."

"आबा, त्याच्याकडं फोन आहे. नंबर आहे माझ्यापाशी. लावू का?"

"नगं. त्याला वाटंल तवा तो करील." त्यांनी फोन धोतराला पुसला. "त्यानं तिकडच्या दुकानातून रेशन उचललं, की हितं मेसेज येतो. महिन्याला एक. तेवढंच कळतंय, जेवायलाय म्हनून."

मी बालाजीच्या नावापुढे 'संपर्क झाला नाही' असं लिहिलं, जुना नंबर तसाच ठेवला आणि अहवाल पाठवून दिला. या वेळी सत्कार झाला नाही.

आबा शेळ्या घेऊन निघाले. टेकडीच्या पायथ्याला ओढ्याकडची वाट फुटते. शेळ्यांनी तिकडं बघितलंही नाही.